दावा माझा, अर्ज कोकिळेचा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. शालिग्राम इंगळे साहेब, बुलढाण्याहून तारखा सोडून आलेले प्रमुख पाहुणे हिंमतराव वकील, व्यासपीठावर ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत बसावं लागलं ते सर्व मान्यवर, माझ्या कार्यालयातल्या बंधू-भगिनींनो, आणि 'फार वेळ लागणार नाही' असं सांगून ज्यांना इथे आणलंय त्या माझ्या शेजारणींनो,

आपण सर्वांनी माझा सत्कार केलात. ऐन चैत्रात मला शाल पांघरलीत. ती मी आदरानं पांघरली आणि तितक्याच आदरानं खुर्चीच्या पाठीवर ठेवली आहे, याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. त्यांनी सांगितलं की शरयूबाई कस्तुरे ही निर्भय बाई आहे, तिनं सरकारला कोर्टात खेचलं, अन्यायापुढे मान तुकवली नाही. मी ऐकत होते. मी तिथे तुमच्यात बसलेली असते, तर मलाही या बाईंना एकदा भेटावंसं वाटलं असतं. पण मी त्यांच्याबरोबर अठ्ठावन्न वर्षं काढली आहेत. त्या कुत्र्याला भितात, विजेला भितात आणि वरून कोणी साहेब आले की त्यांच्या हातातला टाक कापतो. तेव्हा आज नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती कोर्टाची गोष्ट खरी कशी घडली, ते मी सांगून टाकते. आपल्या खात्याचं नाव मात्र मी घेणार नाही. निवृत्त झाल्यावरही माणसाचे काही कागद खात्यात अडकलेले असतात.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. इथल्या, देऊळगाव राजाच्या आपल्या उपकार्यालयात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. आधीचे हेडक्लार्क आजारी होते तेव्हा वर्षभर त्यांचं काम मीच पाहिलं होतं. ज्येष्ठतेतही मीच वर होते. हेडक्लार्कला खात्याची गोदामं तपासायला दौरे करावे लागतात. मी ते केले. एसटीनं केले, एसटी बंद पडली तेव्हा बैलगाडीनं केले. साखरखेर्ड्याच्या गोदामावर पहिल्यांदा गेले तेव्हा तिथला राखणदार कडूबा कितीतरी वेळ माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमी खरंच आल्या? आजवर तं साहेबाचा दौरा नुसता कागदावरच येत होता."

अध्यक्षसाहेब, आपण तेव्हा इथे नव्हता, म्हणून हे बोलायचं धाडस करते.

तर ती जागा मलाच मिळणार, याबद्दल मला तरी काही शंका नव्हती. मी खुर्चीसाठी एक गादीसुद्धा शिवायला टाकली. निळी, वर बारीक फुलं. गादी शिवून आली आणि दुसऱ्या दिवशी आदेश आला. आदेशात चिंतामणरावांचं नाव होतं. ती गादी पुढे आमच्या मांजरीनं वापरली.

चिंतामणराव इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नोकरीत माझ्यामागून लागलेले, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे, सरळ गृहस्थ. आदेशाचा कागद हातात घेऊन ते माझ्याकडे आले. चेहरा असा, जसं काही त्यांच्याच घरात चोरी झाली आहे.

"बाई, काहीतरी चुकलंय."

"काय झालं?"

"माझं नाव आलंय."

कागदात खाली एक शेरा होता. 'ज्येष्ठ कर्मचारी या महिला असल्याने दौऱ्याच्या कामास सोयीच्या नाहीत.' मी तो वाचला, चिंतामणरावांचं अभिनंदन केलं, आणि घरी जाऊन रडले. यात निर्भय काय होतं, ते मघाच्या वक्त्यांनी मला नंतर एकांतात सांगावं.

आम्ही तेव्हा मनकर्णाबाईंच्या घरात भाड्यानं राहत होतो. मळा, दोन म्हशी आणि भाडेकरू, या तिन्हींवर त्यांची सारखी नजर असे. रडण्याचा आवाज ऐकून त्या आत आल्या. मी शेरा वाचून दाखवला. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमाले दौरे जमत नाईत? मंग वरीसभर तुमी कुठी जात होत्या, माह्यरी?"

त्या एका प्रश्नानं माझं रडणं थांबलं. मी वरच्या कार्यालयाकडे, अकोल्याला, तक्रार-अर्ज केला. सरकारी नोकराला तो मार्ग असतो. आपल्याच खात्यातल्या वरच्या माणसाला सांगायचं, की तुमच्याच खात्यातल्या खालच्या माणसानं माझ्यावर अन्याय केला. त्यावर उत्तर आलं, 'अर्ज विचाराधीन आहे.' आपण सगळे त्याच धंद्यातले आहोत, त्यामुळे विचाराधीन म्हणजे काय हे इथे सांगायला नको.

पण मी खोटं बोलणार नाही. त्या अर्जाचं पुढे काहीतरी होत होतं. सुनावणीची तारीख लागली. मी अकोल्याला गेले. साहेब नव्हते. पुन्हा तारीख लागली, पुन्हा गेले, पुन्हा साहेब नव्हते. दोन्ही वेळा ते कुठे होते, विचारा. दौऱ्यावर!

झालं. माझं डोकं फिरलं. आमच्या घरी लक्ष्मीकांतरावांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, शाळेच्या वाचनालयातून भारताच्या संविधानाचं एक पुस्तक आणलं होतं. ते मी वाचायला घेतलं. त्यात सोळावं कलम आहे. सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी, आणि केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून भेद करता येणार नाही. मला वाटलं, हे कलम दिल्लीला बसून कोणीतरी माझ्यासाठीच लिहिलंय. त्यानंतर महिनाभर मी घरात जे बोलले, त्यात प्रत्येक वेळी सोळावं कलम होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी होतं. लक्ष्मीकांतराव एवढंच म्हणाले, "मला विचारशील तर..." मी म्हटलं, "मी विचारलेलं नाही."

आणि मी हिंमतराव वकिलांकडे गेले.

हिंमतराव आज इथे प्रमुख पाहुणे आहेत आणि मोठे वकील आहेत. तेव्हा ते नागपूरहून नुकतेच वकिली शिकून आले होते. बुलढाण्याला एका सायकल दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. खाली हवा भरायचे, वर कायदा. त्यांनी माझे कागद नीट वाचले आणि म्हणाले, "ताई, थोडं थांबा. खात्यात तुमची सुनावणी व्हायची आहे. ती होऊ द्या. एकाच वेळी अर्जही आणि दावाही असं केलं, तर खातं कोर्टाकडे बोट दाखवेल आणि कोर्ट खात्याकडे."

मी म्हटलं, "तुम्ही सोळावं कलम वाचलंय का?"

ते म्हणाले, "वाचलंय, ताई. परीक्षेला होतं."

तरीही मी त्यांना ते वाचून दाखवलं. मोठ्यानं. खालचा सायकलवाला हवा भरायचा थांबला. माझा हिशेब असा होता, की इकडे दावा चालला म्हणजे तिकडे अर्जाला धक्का बसेल, आणि अर्ज हलला की दाव्याला जोर येईल. वकिलांना मी कायदा शिकवला, सरकारला नोटीस दिली, नोटिशीची मुदत संपल्यावर बुलढाण्याच्या कोर्टात दावा लावला, आणि त्या संध्याकाळी देऊळगावला परत येताना मला वाटलं, एसटीतला प्रत्येक माणूस माझ्याकडे पाहतोय. प्रत्यक्षात ते खिडकीबाहेर पाहत होते.

थोड्याच दिवसांत खात्याचं पत्र आलं. त्याचा मथितार्थ असा: आपण याच विषयावर न्यायालयात गेलेल्या आहात, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, सबब आपल्या तक्रार-अर्जावरील कार्यवाही थांबवण्यात येत आहे, ठरलेली सुनावणी रद्द समजावी.

सुनावणी ठरली होती, हेसुद्धा मला त्याच पत्रातून कळलं. तिसरी तारीख लागली होती, आणि या वेळी साहेब दौऱ्यावर नव्हते!

मी म्हटलं, ठीक आहे, कोर्ट तर आहे ना. पहिल्या तारखेला नवं लुगडं नेसून कोर्टात गेले. सरकारी वकील उभे राहिले आणि काय म्हणाले असतील? "साहेब, हा दावा घाईनं आणलेला आहे. बाईंना खात्यात दाद मागता येते. त्यांचा अर्ज तिथे निकालात निघालेलाच नाही. त्यांनी आधी तिकडे जावं."

मी न राहवून उभी राहिले. "साहेब, मी तिकडूनच आले!"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, आपले वकील आहेत ना? बसा."

मी बसले. बंधू-भगिनींनो, सरकारला कोर्टात खेचणाऱ्या या बाईंचं कोर्टातलं एकूण भाषण ते एवढं चार शब्दांचं. आज मी लांबवते आहे, त्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. आता एक गंमत सांगते. माझ्या दाव्यानं ज्यांची जागा जाऊ शकते, त्यांनाही प्रतिवादी करावं लागतं. त्यामुळे पहिला प्रतिवादी सरकार, दुसरे आमचे साहेब आणि तिसरे चिंतामणराव. देऊळगावहून बुलढाण्याला सकाळी सोयीची एसटी एकच. वादी आणि प्रतिवादी क्रमांक तीन, दोघंही त्याच एसटीनं जाणार. पहिल्या खेपेला आम्ही लांब लांब बसलो. चिखलीपर्यंत तोंडं फिरवून बसलो. चिखलीला ते उठून माझ्या बाकापाशी आले, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"बाई, ही दशमी. घरून दिलीय."

"माझ्यासाठी?"

"हो. शकुंतला म्हणाली, त्या बाई तुमच्यावर दावा लावायच्या गडबडीत सकाळी जेवल्या नसतील."

मी खरंच जेवले नव्हते. त्यानंतर प्रत्येक तारखेला शकुंतलाबाईंची दशमी आणि जवसाची चटणी. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली वादी आणि प्रतिवादी जेवत बसायचे. पुकारा झाला की हात धुऊन आत जायचं आणि एकमेकांविरुद्ध उभं राहायचं. हिंमतराव कपाळाला हात लावायचे. "ताई, निदान कोर्टाच्या दारात तरी त्यांच्या पानातलं लोणचं मागू नका. सरकारी वकील बघताहेत."

हे सगळं असंच चाललं असतं, आणि मी आज तुम्हाला हसवून खाली बसले असते. पण मग कोकिळा आली.

कोकिळा अमडापूरकडची. आपल्या कार्यालयात तात्पुरत्या जागेवर लिपिक होती. नवऱ्याच्या छातीचं दुखणं होतं, त्याच्या हातून शेतीकाम होत नव्हतं. घर तिच्या पगारावर. तिच्याबरोबर लागलेले दोन पुरुष कायम झाले. ती झाली नाही. का? मधे ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर खात्यानं लिहिलं, सेवेत खंड पडला. तिनंही अकोल्याला तक्रार-अर्ज केला होता. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, माझ्या अर्जाच्या आणि कलमाच्या गर्दीत ते कुठेतरी एका कोपऱ्यात पडून होतं.

एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि उभीच राहिली.

"बस ना, कोकिळा."

"नाई ताई. माहं एक काम होतं. तुमाले राग नाई येणार?"

"नाही, बोल."

"माह्या अर्जाचं पत्र आलं. थे म्हन्तात, असाच बाईमानसाच्या भेदभावाचा मामला कोर्टात चालू हाय. त्याचा निकाल लागल्याबिगर तुमच्या अर्जावर काई ठरवता येत नाई. थो मामला तुमचाच हाय ना, ताई?"

मी म्हटलं, "हो."

"मार्चअखेर तात्पुरत्या जागा तुटून राह्यल्या. जे कायम नाई झाले, थे घरी. कोर्टाचा निकाल कवा लागते?"

आता मला सांगा, या प्रश्नाचं उत्तर कुठलं कलम देतं? मी हिंमतरावांना विचारलं. ते म्हणाले, "लवकर लागला तर वर्ष. वर अपील झालं तर मला विचारू नका."

मी कोकिळेला तसं सांगितलं. ती रागावली नाही, तेच वाईट झालं. "बरं," म्हणाली, आणि आपल्या टेबलावर जाऊन टंकयंत्राची फीत बदलायला लागली.

दावा काढून घेणं हा एकच उपाय होता. पण तो सोपा नव्हता. कारण तोवर वारा जरा माझ्या बाजूला फिरला होता. न्यायाधीशांनी त्या शेऱ्यावर सरकारी वकिलांना दोन-तीन प्रश्न असे विचारले होते, की हिंमतरावांचे डोळे चमकायला लागले होते. त्यांचा सरकारविरुद्धचा तो पहिला दावा. आणि मी दावा सोडला आणि खात्यानं पुन्हा अर्ज उघडलाच नाही, तर? पुन्हा नोटीस, पुन्हा मुदती, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा माझं वय पन्नाशीला टेकलं होतं.

मघाशी एका वक्त्यांनी 'त्याग' हा शब्द वापरला. तो मी नम्रपणे परत करते. त्या आठवड्यात मी काय केलं ते ऐका. मी कोकिळेशी बोलणं टाळलं. ती समोरून आली की मी कपाटात काहीतरी शोधायचे. माझी मनातून इच्छा होती, की तिनंच येऊन म्हणावं, 'ताई, तुम्ही माझ्यासाठी दावा सोडू नका.' मग मी म्हणणार होते, 'बरं, तू म्हणतेस तर नाही सोडत.' ती आली नाही. तिला घरी आजारी माणूस होता आणि अंगावर पिणारं मूल होतं. माझ्या मनातला संवाद बोलायला तिला सवड नव्हती.

शेवटी मी लक्ष्मीकांतरावांना विचारलं. हे आमच्या संसारात क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम नोंदवते. म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

ते गणिताचे मास्तर. पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझी हेडक्लार्कची जागा गेली तर तू कारकून राहशील. तिची गेली तर ती काय राहील?"

मी म्हटलं, "इतके दिवस हे का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नव्हतंस."

दुसऱ्या दिवशी मी हिंमतरावांकडे गेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढू या. पण असा नाही. पुन्हा दावा लावण्याची मुभा ठेवून काढू, आणि खातं दोन्ही अर्ज ऐकेल असं सरकारी वकिलांकडून कोर्टासमोर वदवून घेऊ." वकीलसाहेब, तुमचा तो पहिला मोठा दावा मी तुमच्या हातातून काढून घेतला आणि तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. आज तुमच्या गळ्यात घातलेला हार त्या मानानं फार लहान आहे. फुलंही फारशी चांगली नाहीत, मला माहीत आहे.

तारखेच्या दिवशी हिंमतरावांनी कोर्टाला सगळं सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, मला खात्याकडून तशा सूचना नाहीत. शिवाय बाईंचा अर्ज पुन्हा उघडला तर प्रतिवादी क्रमांक तीन यांच्या हिताला बाध येईल."

तेवढ्यात मागून आवाज आला. "माझी हरकत नाही."

चिंतामणराव उभे होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"आपण कोण?"

"प्रतिवादी क्रमांक तीन."

"आपल्याला कळतंय का, की अर्जाचा निकाल बाईंच्या बाजूनं लागला तर आपली जागा जाऊ शकते?"

"कळतंय, साहेब. बाई माझ्याहून ज्येष्ठ आहेत. दौरेही त्यांनीच केलेत. मला अजून गोदामाची वाट विचारावी लागते." मग त्यांना वाटलं असावं की कोर्टात संपूर्ण सत्य सांगायचं असतं. ते म्हणाले, "आणि मी हरकत घेतली तर मला घरी जेवायला मिळणार नाही."

कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा हसला. न्यायाधीश हसले की नाही ते मला दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, "ज्यांचं हित तुम्ही जपताय त्यांचीच हरकत नाही. आता खात्याची अडचण काय?" सरकारी वकिलांनी फोन करून येण्यापुरता वेळ मागून घेतला. दुपारनंतर त्यांनी सांगितलं, की खातं दोन्ही अर्ज मार्चअखेरच्या आत ऐकेल. ते वाक्य कोर्टानं लिहून घेतलं आणि मी दावा काढून घेतला.

चिंतामणराव, तुमच्या शकुंतलाबाई आज आपल्यात नाहीत. मागच्या कार्तिकात त्या गेल्या. त्या कोर्टाची पायरी कधी चढल्या नाहीत. पण त्या दावा लढल्या नाहीत, असं मला कोणी सांगू नये.

मग अकोल्याची सुनावणी. आम्ही तिघी गेलो. मी, कोकिळा आणि कोकिळेची मुलगी, जी साहेबांच्या दालनात शिरताच रडायला लागली आणि निकाल ऐकूनच थांबली. कोकिळेचा अर्ज आधी घेतला, मी बाहेर बाकावर होते. बाळंतपणाची रजा ही सेवेतला खंड नव्हे, असं साहेबांनी मान्य केलं आणि तिला कायम केलं. जे महिनोन्‌महिने ठरवता येत नव्हतं, ते ठरायला मुलीचं एक रडणं संपेपर्यंतचा वेळ लागला.

मग मी. मी पाठ करून गेले होते. सोळावं कलम, पोटकलमांसह. साहेबांनी विचारलं, "बाई, गोदामावर मुक्काम करायची वेळ आली तर कसं करणार?"

आणि मी कलम विसरले! तोंडातून निघालं ते असं: "साहेब, मुक्काम मी केलेत. साखरखेर्ड्याला ढेकूण फार आहेत. पण ते बाई-पुरुष असा भेद करत नाहीत."

साहेबांनी शेरा काढून टाकला. 'महिला असल्याने' हे कारण पदोन्नतीच्या कुठल्याही आदेशात यापुढे लिहू नये, असंही लिहिलं. पण चिंतामणरावांची नेमणूक त्यांनी मोडली नाही. आता पुष्कळ काळ लोटला, मला पुढच्या रिकाम्या जागेवर घ्यावं, असा निकाल दिला. म्हणजे मी अर्धी जिंकले. पुढची जागा रिकामी व्हायला तीन वर्षं गेली. चिंतामणरावांची बुलढाण्याला बदली झाली तेव्हा मी हेडक्लार्क झाले. चार्ज देताना ते म्हणाले, "बाई, खुर्ची डावीकडे कलते. सांभाळून बसा." ती अजून कलते. दुरुस्तीचा कागद विचाराधीन आहे.

पण मला सांगायचंय ते सुनावणीच्या दिवशीच्या परतीच्या एसटीतलं. मी खिडकीशी बसले होते. कोकिळेच्या मांडीवर पोर झोपलं होतं. मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता, आणि मला माझ्या अर्ध्या निकालाचं दुःख होत होतं. मी म्हटलं, "कोकिळा, माझ्या कोर्टापायी तुझे दिवस फुकट गेले. मी आधी विचार करायला हवा होता."

ती म्हणाली, "काऊन तसं म्हन्ता, ताई? मी आत बसली होती तवा साहेब बाबूले म्हनाले, कोर्टात कबूल केलं हाय, आज निकाल द्याच लागते. तुमी कोर्टात गेल्याच नसत्या तं माहा अर्ज आजवर कोनं उघडलाच नसता."

ती खरं बोलत होती, की माझं तोंड पाहून बोलत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. माझ्या दाव्यानं तिचा अर्ज अडवला, हेही खरं. माझ्या दाव्यानंच तो उघडला, हेही कदाचित खरं. मी या प्रश्नावर पुष्कळ डोकं चालवलंय. हिंमतरावांनाही विचारलंय. ते म्हणतात, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. वकिलाला विचारल्यावर दुसरं काय होणार?

मात्र तेव्हापासून एक सवय लागली. कार्यालयातली कोणी मुलगी 'बाई, मी कोर्टात जाऊ का' असं विचारायला आली, की मी तिला जाऊ नको असं कधी म्हणत नाही. कोर्ट आपल्यासाठीच आहे. मी एवढंच विचारते, की तुझ्यासारखा अर्ज आणखी कोणाचा आहे, आणि तिच्याशी तू बोललीस का? बहुतेक जणी बोललेल्या नसतात. मग त्या उठून तिच्याकडे जातात. पुढे काय करतात, ते मी विचारत नाही. मला काही ठरवायला आवडत नाही. मी ठरवलेल्याची ही अशी गोष्ट होते.

उद्या सकाळी माझा चार्ज कोकिळा घेईल. त्या आदेशाचा कागद मी पाहिला. त्यात तिचं नाव आहे, हुद्दा आहे, तारीख आहे. तिला दौरे जमतील की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. कोणाच्या मनात ते आलं असेल, नाही असं नाही. पण लिहायला हात उचलला नाही. एवढंच आम्ही दोघींनी मिळून मिळवलं. आजचा दिवस मला त्यामुळे जड जात नाही.

अध्यक्षसाहेब, आपण घड्याळाकडे दोनदा पाहिलंत आणि दोन्ही वेळा मला थांबवलं नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. हिंमतराव, चिंतामणराव, म्हातारपणामुळे आज येता न आलेल्या मनकर्णाबाई, न विचारता काही न सांगणारे आमचे लक्ष्मीकांतराव, आणि माझ्याबरोबर त्या कार्यालयात उकडलेल्या, गारठलेल्या सर्व सहकाऱ्यांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, किंवा जे घ्यायला नको होतं ते घेतलं गेलं असेल, तर आपलं माणूस म्हणून ते पोटात घालावं. आणि कोकिळा, उद्या लवकर ये. किल्ल्या मी कोणाच्याही हाती देणार नाही, तुझ्याच हाती देईन.

नमस्कार.